अंतर एक, वेळा अनेक

मुंबईहून दिल्ली विमानाने किती लांब, असे कुणालाही विचारा. उत्तर येते, ‘दोन तास’. किलोमीटर क्वचितच कुणी सांगतो. दोन विमानतळांमधले अंतर आणि तिथे पोहोचायला लागणारा वेळ या एकमेकांत मिसळलेल्या गोष्टी सुट्या करणे, हाच आपला विषय.

आधी गणित. या दोन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटर वेग धरला तर हिशेब होतो एक तास वीस मिनिटे. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपासचा आकडा दिसतो. मधला जवळपास तासभर कुठे गेला? वेळापत्रकातली वेळ ही चाकांना लावलेल्या पाचरी (चॉक) काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतची. तिला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंतचा संथ प्रवास, उड्डाणाची रांग, चढण, उतरण, गर्दीच्या आकाशात घातलेल्या घिरट्या आणि उशीर गृहीत धरून ठेवलेली थोडी सवड हे सगळे तिच्यात येते.

अंतराचीही गंमत आहे. पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिकेवरून जाते. गोलावरचा दोरा मात्र फिनलंड, नॉर्वे, आइसलँडवरून जातो. हेच बृहद्‌वृत्त, गोलावरची सर्वांत जवळची वाट. ती मोजायच्या हॅवरसाइन सूत्राला परके समजू नये. हॅवरसाइन म्हणजे आपल्या जुन्या गणितातल्या उत्क्रमज्येचा (एक वजा कोसाइन) निम्मा भाग. ‘साइन’ हा शब्दही अरबी आणि लॅटिन वळणे घेत संस्कृत ‘ज्या’वरूनच आला.

पण पृथ्वी नेमकी गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७. हा चपटेपणा मोजण्यात माणसांची आयुष्ये गेली. १८०२ मध्ये मद्रासेत पृथ्वीचा आकारही मोजू पाहणारी भारताची त्रिकोणमितीय पाहणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये वर्ध्याजवळ हिंगणघाटला वारला, तेही पाहणीचे काम चालू असताना.

आता वारा. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, जाताना आणि येताना तेवढेच. तरी लंडनहून परतताना साधारण तासभर वाचतो, कारण उंचावरचे पश्चिमी वारे तेव्हा पाठीशी असतात. अंतर जमिनीवर मोजले जाते. विमान मात्र वाहत्या हवेतून जाते.

म्हणून या विषयात भूमापन, त्रिकोणमिती, हवामानशास्त्र आणि वाहतुकीचे नियोजन एकाच मांडवाखाली येतात. यातले एखादे येत असेल तर उत्तम. एकही येत नसेल तरी अडत नाही. पुढच्या विमानप्रवासात फक्त चार वेळा टिपून ठेवा: विमान जागेवरून हलले ती, चाके जमिनीवरून सुटली ती, पुन्हा टेकली ती आणि विमान थांबले ती. तुमच्या अभ्यासाचे पहिले पान तेच.