टीव्हीवरचा पोलीस आणि ठाण्यातला पोलीस

नववीच्या वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना मी एकदा मुलांना विचारलं, "पोलिसांनी एखाद्याला पकडलं, पुढे काय होतं?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅडम, तो कबूल करतो. मग फाशी." सगळा वर्ग हसला, पण कुणी त्याला चुकीचं म्हटलं नाही. न्यायालय, वकील, जामीन, आरोपपत्र यातलं एकही नाव आलं नाही. मुलांचा दोष नाही. घराघरांत रात्री जेवताना जे चालू असतं, तेच त्यांचं पाठ्यपुस्तक आहे.

आपल्याकडे या पाठ्यपुस्तकाचं नाव बहुतेक वेळा 'सीआयडी' असतं. बी. पी. सिंग यांची ही मालिका जानेवारी १९९८ मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झाली, २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा परतली. शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न, आदित्य श्रीवास्तव यांचा अभिजीत, दयानंद शेट्टी यांचा दया ही माणसं दोन पिढ्यांना घरच्यासारखी झाली. त्यानंतर २००३ पासून 'क्राइम पेट्रोल' आणि पुढे 'सावधान इंडिया' आले. त्यांनी खऱ्या गुन्ह्यांवर आधारित गोष्टी दाखवल्या. पण 'खऱ्या घटनेवर आधारित' आणि 'खरं' यात बरंच अंतर आहे. ते अंतर समजून घेणं आपल्या मोहल्ल्यांसाठी नुसती करमणुकीची गोष्ट राहिलेली नाही.

आधी नावापासून. महाराष्ट्रात सीआयडी म्हणजे राज्य गुन्हे अन्वेषण विभाग. त्याचं मुख्यालय पुण्यात आहे आणि त्याचे प्रमुख अपर पोलीस महासंचालक दर्जाचे असतात. शासनाने, पोलीस महासंचालकांनी किंवा न्यायालयाने सोपवलेली प्रकरणं हा विभाग पाहतो. मुंबईतल्या खुनाचा तपास आधी स्थानिक पोलीस ठाणं करतं, सोबतीला मुंबई पोलिसांची क्राइम ब्रँच असते. एसीपी म्हणजे सहायक पोलीस आयुक्त. त्याच्या हाताखाली काही पोलीस ठाणी असतात, तपासावर त्याची देखरेख असते. प्रत्येक प्रेताशेजारी तो स्वतः बोटं फिरवत उभा राहत नाही. कागदावर तपास करणारा असतो 'तपासी अंमलदार', म्हणजे बहुतेक वेळा उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक किंवा निरीक्षक. एकाच वेळी त्याच्याकडे अनेक गुन्ह्यांचे कागद असतात. त्यात गणपती, मोहरम, ईद-ए-मिलाद, मोर्चे आणि निवडणुकांचा बंदोबस्त. मालिकेतल्या ब्युरोकडे एका वेळी एकच केस असते, हीच सगळ्यात मोठी कल्पनारम्यता म्हणायची.

दुसरी गोष्ट कागद. मालिकेत फोन वाजतो आणि गाडी निघते. प्रत्यक्षात आधी नोंद होते. गुन्हा दखलपात्र असेल तर एफआयआर, अदखलपात्र असेल तर एनसी. मृत्यूचं कारण कळत नसेल तर अकस्मात मृत्यूची नोंद. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. आमच्या ओळखीच्या एका बाईंचा मोबाईल बसमध्ये चोरीला गेला, तर ठाण्यात 'चोरी' ऐवजी 'गहाळ' लिहून अर्ज घेतला. बाई घरी येऊन म्हणाल्या, "कागद मिळाला ना!" कागद मिळाला, पण तो गुन्ह्याचा नव्हता, त्यामुळे तपासही नव्हता. एवढा फरक कुठल्या मालिकेने कधी सांगितला?

डॉक्टर साळुंखेंचं पात्र मुलांना फार आवडतं. प्रयोगशाळेत प्रेत, तिथेच रसायनं, तिथेच संगणक आणि दहा मिनिटांत निकाल. खरी व्यवस्था वाटलेली असते. शवविच्छेदन सरकारी रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी करतात. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा बाटलीत सीलबंद करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. मुंबईत ती कलिन्याला आहे, नागपूर, पुणे, नाशिक वगैरे ठिकाणी विभागीय प्रयोगशाळा आहेत. पोलिसांच्या बोलीत तिच्या अहवालाला अजूनही 'सी.ए. रिपोर्ट' म्हणतात आणि तो यायला आठवडे, कधी महिने लागतात. नव्या संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक करण्याची तरतूद आहे. ती पूर्णपणे अमलात आणायला राज्यांना वेळ दिला आहे.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांसाठी थांबून सांगते. मय्यत लवकर दफन व्हावी ही आपली ओढ, म्हणून शवविच्छेदनाचं नाव काढलं की घरात रडारड आणि ठाण्यात वाद. पण अनैसर्गिक मृत्यूत पोलीस पंचनामा करतात तो कायद्याने, आणि मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर शवविच्छेदनही व्हावंच लागतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने सोयी असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला परवानगी दिली, मात्र खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला किंवा संशयास्पद मृतदेह हे सर्वसाधारणपणे त्यातून वगळले. अपघाती मृत्यू असेल तर रात्री विचारून पाहायला हरकत नाही. हेही लक्षात असू द्या की पुढे विम्यासाठी आणि खटल्यासाठी हाच अहवाल लागतो.

आता दरवाजा. दयाने दरवाजा तोडला नाही असा भाग आठवतो का? कायद्यात दरवाजा तोडण्याची मुभा आहे, पण पायरीपायरीने. अटक करायची व्यक्ती आत आहे असं मानायला कारण असेल तर पोलीस आधी आपला अधिकार आणि हेतू सांगतात, आत येऊ देण्याची मागणी करतात, आणि तरीही प्रवेश मिळाला नाही तरच दार तोडता येतं. आणि याच कलमात (नव्या संहितेत कलम ४४) एक ओळ अशी आहे जी मी आमच्या बचत गटाच्या बायकांना वाचून दाखवली तेव्हा कुणाला खरी वाटेना. आतल्या खोलीत रिवाजानुसार लोकांसमोर न येणारी, म्हणजे पडदा पाळणारी स्त्री असेल आणि अटक तिची नसेल, तर आत शिरण्यापूर्वी तिला बाहेर जाण्याची सूचना आणि त्यासाठी वाजवी सोय देणं बंधनकारक आहे. ही तरतूद इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे. घराची झडती घेताना स्थानिक पंच हवेत, आणि आता झडती व जप्तीचं ध्वनिचित्रीकरणही करायचं आहे. मालिकेत पंच कधी दिसलेत? खऱ्या तपासात तर पंचांशिवाय पान हलत नाही. खटल्यात पंच फितूर झाला की तपासी अंमलदाराच्या कपाळाला आठ्या पडतात.

खरा घोळ मात्र कबुलीचा आहे, आणि त्यावर जरा जास्तच बोलायला हवं.

मालिकेचा शेवट ठरलेला. संशयिताला ब्युरोत बसवतात, एक थप्पड, आणि तो स्वतःहून सगळी गोष्ट सांगू लागतो, सोबत फ्लॅशबॅक. प्रेक्षकाची खात्री पटते, केस संपते. कायद्यात मात्र ही कबुली जवळजवळ शून्य किमतीची आहे. पोलीस अधिकाऱ्याला दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आलं आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, समजा चाकू विहिरीत मिळाला, तर त्या शोधाशी जोडलेला तेवढाच भाग चालतो. त्यासाठी पोलीस पंचांसमोर मेमोरँडम पंचनामा करतात. पूर्ण कबुली द्यायचीच असेल तर ती दंडाधिकाऱ्यासमोर, स्वेच्छेने, आणि ती द्यायचं बंधन नाही हे समजावून सांगितल्यावर. नार्को आणि लाय डिटेक्टरबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात स्पष्ट केलं की संमतीशिवाय ते करता येत नाहीत. साक्षीदाराने पोलिसांना दिलेल्या जबाबावर त्याची सहीसुद्धा घ्यायची नसते. कारण एकच, कोठडीत माणसाकडून काहीही वदवून घेता येतं हे कायदा करणाऱ्यांना दीडशे वर्षांपूर्वीच माहीत होतं.

पण काही खास कायद्यांनी हे दार उघडं ठेवलं. महाराष्ट्राच्या मोक्का कायद्यात पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं मेली. एटीएसने १३ जणांवर खटला भरला आणि त्यात असे कबुलीजबाब महत्त्वाचे होते. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप दिली आणि अब्दुल वाहिद शेख यांना निर्दोष सोडलं. वाहिद शेख शाळेत शिक्षक होते. नऊ वर्षं तुरुंगात गेली. बाहेर आल्यावर त्यांनी 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिलं, त्यांच्यावर २०२२ मध्ये 'हिमोलिम्फ' नावाचा चित्रपट आला. पुढे २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातले एकजण तोपर्यंत तुरुंगातच वारले होते. न्यायालयाने कबुलीजबाब स्वीकारले नाहीत. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकारच नव्हता आणि काही साक्षीदार शंभराहून जास्त दिवस गप्प होते, हेही निकालात आलं. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांनी हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांतही आधी पकडलेल्या मुस्लिम तरुणांना २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपांतून मुक्त केलं.

यात एक बाजू विसरायची नाही. लोकलमध्ये ज्यांची माणसं गेली त्यांना एकोणीस वर्षांनंतरही गुन्हेगार कोण हे कळलेलं नाही. थप्पड मारून केस संपवता येते असं मानणाऱ्या तपासाने त्यांचंही नुकसानच केलं.

पडद्यावर आपला माणूस कसा दिसतो, याची तक्रार जुनी आहे. डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताईत, मागे विशिष्ट सूर, की प्रेक्षक समजून जातो. माझं मत विचाराल तर गुन्हेगार मुस्लिम दाखवला यापेक्षा पोलीस मुस्लिम फारसा दाखवला जात नाही, हे मला जास्त खटकतं. म्हणून 'पाताल लोक' (२०२०) मधला इमरान अन्सारी लक्षात राहिला. दिल्लीच्या ठाण्यातला हा तरुण अधिकारी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, सहकाऱ्यांचे टोमणे गिळतो आणि काम चोख करतो. दुसऱ्या पर्वात तो आयपीएस होऊन येतो. २०१२ च्या दिल्ली बलात्कार प्रकरणावरची 'दिल्ली क्राइम' (२०१९) ही मालिकाही तपासाचा थकवा बऱ्यापैकी दाखवते. रात्रीची जागरणं, घरच्यांचे फोन, वरून येणारा दबाव, एकेका आरोपीमागे दुसऱ्या राज्यात फिरणारी पथकं. त्या मालिकेला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. तिच्यावर एक आक्षेप घेता येतो की ती सगळं पोलिसांच्याच नजरेतून पाहते. पण निदान तिथला पोलीस दमतो. आपल्याकडचा हवालदार किती दमतो हे समजायला एवढंच पुरे, की ड्युटी आठ तासांची असावी हा प्रयोग मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात सुरू व्हायला २०१६ साल उजाडलं.

चित्रपट तर आणखी पुढे जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी जाहीर कार्यक्रमात 'सिंघम'सारख्या चित्रपटांमुळे झटपट न्यायाचा घातक संदेश जातो, असं बजावलं होतं. फाशी पोलीस देत नाहीत. सत्र न्यायालयाने दिलेली फाशीसुद्धा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही.

राहता राहिलं ठाण्यातून बोलावणं. टीव्ही पाहून घरच्यांना वाटतं, बोलावलं म्हणजे पकडलंच, आणि वकील घेतला म्हणजे गुन्हा कबूल केला. मग पोरगा घाबरून गावाला पळतो आणि 'फरार' ठरतो. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस सहसा आधी लेखी नोटीस देतात (कलम ३५), आणि ती पाळली तर कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. नोटिशीचा फोटो काढून ठेवा, वेळेवर हजर राहा. साक्षीदार म्हणून स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी हवी. अटक झालीच तर अटक पंचनाम्यावर तारीख-वेळ आणि साक्षीदाराची सही, एका नातेवाइकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी, चौकशीदरम्यान वकिलाची भेट आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं, हे सगळं संविधान, डी. के. बसू प्रकरणाचा निकाल आणि संहितेतून आलेलं आहे. दंडाधिकारी "काही तक्रार आहे का?" असं विचारतात. मारहाण झाली असेल तर सांगायची जागा तीच. आणि ठाण्यात सीसीटीव्ही हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगितलेलं आहे. चित्रण हवं असेल तर वकिलामार्फत लवकर अर्ज करा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. स्त्रिया, मुलं, कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे. आम्ही तो शाळेच्या फलकावर लिहून ठेवला आहे.