मानमोडी आणि ब्रेविग मिशन

१९१८च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे 'मानमोडी' म्हणत. त्या साथीचा विषाणू नेमका कसा होता, हे जगाला कळलं ते मुख्यतः अलास्कातल्या एका थडग्यामुळे. ही गोष्ट फार दिवस लिहायची होती. आज शनिवार आहे, तर लिहूनच टाकतो.

ब्रेविग मिशन हे समुद्राकाठचं चिमुकलं गाव. वस्ती इनुपियाक लोकांची, म्हणजे शाळेच्या पुस्तकात आपण ज्यांना एस्किमो म्हणून वाचलं ते. (हा शब्द त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आवडत नाही.) १५ ते २० नोव्हेंबर १९१८, एवढ्या दिवसांत ८० मोठ्या माणसांपैकी ७२ गेली! अख्खं घर एकदम आडवं झालं की चूल कोण पेटवणार, पाणी कोण देणार? सगळ्यांना एकाच खड्ड्यात पुरलं. तिथली जमीन बारा महिने गोठलेली असते.

१९५१ साली योहान हल्टिन नावाचा पंचविशीतला विद्यार्थी तिथे पोचला. गावातल्या वडीलधाऱ्यांची परवानगी घेतली, शेकोट्या पेटवून जमीन मऊ केली, फुप्फुसांचे तुकडे घेऊन गेला. पण विषाणू काही वाढेना. संपलं? नाही. १९९७ साली जेफ्री टॉबेनबर्गर यांचा शोधनिबंध वाचून हा बाबा वयाच्या ७२व्या वर्षी पुन्हा तिथेच गेला! पुन्हा परवानगी, पुन्हा खोदकाम. या वेळी एका लठ्ठ बाईचं शरीर सापडलं. चरबीमुळे तिची फुप्फुसं टिकली होती. तिचं खरं नाव कोणालाच माहीत नाही, हल्टिनने तिला ल्यूसी म्हटलं. परत निघण्याआधी त्याने थडग्यावर दोन मोठे क्रूस उभारले.

मुख्यतः तिच्याच जोरावर २००५ साली विषाणूचा पूर्ण जनुकक्रम जुळला. आठ तुकडे, साधारण १३ हजार अक्षरं. आमच्या सर्व्हरची लॉग फाइल मिनिटभरात याहून मोठी होते, आणि एवढ्याशा मजकुराने जगभर काही कोटी माणसं मारली.

२००९ आठवतंय? स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला आणि सगळं शहर तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागलं. हा नवा विषाणू १९१८च्याच वंशातला. वयस्कर मंडळींना त्याची बाधा कमी का होते, हे समजायला त्या जुन्या जनुकक्रमाची मदत झाली. म्हणजे ल्यूसीचा उपयोग जगभर झाला.

तिच्या लोकांना किती झाला? त्याच २००९ साली अमेरिकेतल्या १२ राज्यांचे आकडे जमवले गेले. मूळनिवासी आणि अलास्काच्या लोकांचा या फ्लूने मरण्याचा दर बाकी सगळ्यांच्या चौपट निघाला. आता यात जनुकं बिनुकं आणू नका. गरिबी, मधुमेह, दमा, उशिरा मिळणारे उपचार, ही कारणं तेव्हाच समोर आली होती. अलास्कापुरता एक अभ्यास तर त्याच्याही आधी, २००८ साली छापून आला होता. ज्या भागांत घरोघरी नळ कमी, तिथे न्यूमोनिया आणि फ्लूने इस्पितळात भरती होणारे जास्त.

साबणाने हात धुवा, असं तेव्हा आपल्याला दिवसातून दहा वेळा सांगत होते. बिननळाच्या त्या घरांत पाणी भांड्यांनी वाहून आणायचं आणि एकाच पातेल्यातल्या पाण्यात घरातल्या सगळ्यांनी हात बुडवायचे.