मुलासाठी जुनी फटफटी

मुलगा मिळवता झाला, की घरात दोन प्रश्न लागोपाठ उभे राहतात. पहिला लग्नाचा, दुसरा वाहनाचा. पहिल्यावर ग्रंथ लिहिले गेले. दुसऱ्याची नोंद कोणी फारशी ठेवली नाही. वस्तुतः गेल्या पाऊणशे वर्षांत मध्यमवर्गीय घराने जी खरेदी अतिशय गांभीर्याने केली, तीत घर आणि सोने यांच्या खालोखाल मुलासाठी घेतलेल्या जुन्या फटफटीचा क्रम लावावयास हरकत नाही. नव्या गाडीला पैसा लागतो. जुनीला पारख लागते. ती पारख करणारा बाप नेमके काय तपाशीत होता, हे पाहू लागले म्हणजे त्या त्या काळचा कारखाना, कायदा आणि कुटुंब ही तिन्ही एकदम नजरेसमोर येतात.

या कथेचा आरंभ लष्करापासून करणे योग्य होईल. दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले आणि सैन्याजवळची असंख्य वाहने एकाएकी नकोशी झाली. युद्धात ब्रिटिश सैन्याने बी. एस. ए. कंपनीची एम-२० आणि नॉर्टनची १६-एच या सुमारे ५०० सी. सी. च्या फटफटी मोठ्या प्रमाणात वापरल्या होत्या. ही यंत्रे वेगाने मंद, वजनाने जड. पण चिवट आणि दुरुस्तीला सोपी. युद्धानंतर विक्रीस निघालेल्या सरकारी मालाला 'डिस्पोजलचा माल' म्हणू लागले आणि तो शब्द मराठीत कायमचा रुळला. इंदूरजवळचे महू, बेळगाव, हैदराबादला लागून असलेले सिकंदराबाद ही जुनी छावणीची ठिकाणे. लष्करी यंत्रे उघडून पुन्हा जोडणारे हात अशा गावी असणे स्वाभाविकच. जुनी गाडी घेणाऱ्याला गाडीच्या आधी मिस्त्री शोधावा लागतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

स्वतंत्र भारताने परदेशी वाहनांच्या आयातीवर हळूहळू कडक बंधने घातली आणि देशातच कारखाने उभारण्याचे धोरण स्वीकारले. सीमेवरील गस्तीसाठी आणि पोलिसांसाठी सरकारने ३५० सी. सी. ची बुलेट पसंत केली होती. तिच्यासाठी इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून १९५५ मध्ये 'एनफील्ड इंडिया'ची स्थापना केली. आरंभी विलायतेहून आलेले भाग मद्रासमध्ये जोडले जात. पुढे सर्व भाग येथेच बनू लागले. नियतीचा खेळ असा, की मूळ इंग्रजी कंपनी १९७० च्या सुमारास बुडाली आणि तिची हिंदी शाखा मात्र तीच गाडी घडवीत राहिली.

एकच गाडी दशकानुदशके फारसा बदल न होता निघत राहिली, याचा जुन्या बाजारावर मोठा परिणाम झाला. वीस वर्षांच्या बुलेटला कालच्या बुलेटचा भाग बसत असे. म्हणून ती म्हातारी होई. निरुपयोगी होत नसे. बापाच्या दृष्टीने हा तिचा पहिला गुण. दोषही त्याला ठाऊक असत. ती सुरू करणे हा एक विधीच होता. डिकॉम्प्रेशनची कळ दाबून, अँपिअर दाखविणाऱ्या काट्याकडे पाहत पिस्टन नेमक्या जागी आणावयाचा आणि मग किक मारावयाची. चुकले तर किक उलटून पायाला तडाखा देई. शिवाय तिचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी. ज्याने इतर गाड्यांवर हात बसविला त्याचा पाय ऐन संकटात गिअरवर पडावयाचा! म्हणून बुलेट पाहण्यास गेलेला शहाणा बाप इंजिनाच्या आवाजाइतकेच मुलाच्या पायाकडे लक्ष ठेवी.

दुसरी गाडी जावा. चेकोस्लोव्हाकियातील या कंपनीचे नाव यानेचेक या कारखानदाराच्या आणि वांडरर या जर्मन कंपनीच्या नावांतील पहिली अक्षरे जोडून १९२९ मध्ये तयार झाले. मुंबईच्या इराणी कुटुंबाने तिच्या सहकार्याने म्हैसूर येथे 'आयडियल जावा'चा कारखाना काढला आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथून २५० सी. सी. च्या गाड्या बाहेर पडू लागल्या. तिची गंमत अशी, की किक आणि गिअर यांची दांडी एकच. किक मारून ती दांडी वळविली की तीच गिअरचे काम करी. पुढे १९७० च्या दशकात हीच परंपरा 'येझदी' या नावाने चालू राहिली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडेपर्यंत टिकली.

तिसरी राजदूत. दिल्लीच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पोलंडच्या तंत्राने ती काढली. १७५ सी. सी. ची ही साधी, कणखर गाडी खेड्यापाड्यांत पोहोचली. दोन्ही बाजूंना कॅन लटकावून जाणारा दूधवाला आणि राजदूत यांची जोडी लोकांच्या मनात पक्की बसली. बापाला ती स्वस्त आणि सोशिक वाटे. मुलाला तिच्यात दुधाचा वास येई. घरातले किती वाद या एका वाक्यात मावतील!

जावा आणि राजदूत या दोन्ही टू-स्ट्रोक. त्यांच्या इंजिनात वंगणाची वेगळी सोय नसे. पेट्रोलमध्येच ठरावीक प्रमाणात तेल मिसळावे लागे. आधीच्या मालकाने काटकसर म्हणून तेल कमी घातले असले, तर पिस्टन आणि सिलिंडर यांची झीज होई. अखेरीस पिस्टन धावत्या गाडीतच जाम होऊन मागचे चाक अडके. जुन्या टू-स्ट्रोक गाडीची पारख म्हणजे एका परीने तिच्या आधीच्या मालकाच्या स्वभावाची पारख होती. म्हणून जाणते लोक गाडी थंड असतानाच पाहण्यास जात. आधीच तापवून ठेवलेली गाडी कोणाच्याही पायाला सुरू होते. किक हाताने दाबून इंजिनाचा दाब अजमावीत. सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवून काजळी पाहत. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीतून निळसर धूर निघाला, की रिंगा झिजून तेल जळते आहे, हे ओळखीत. पुढच्या व मागच्या चाकाला सुतळी लावून दोन्ही एका रेषेत आहेत की नाहीत हे पाहत. कारण रंगाने अपघात झाकता येतो, वाकलेली चौकट झाकता येत नाही. शेवटी इंजिनावरचा व चौकटीवरचा आकडा आर. सी. बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून घेत.

ही सारी धडपड जुन्याच गाडीसाठी का, असा प्रश्न आजच्या तरुणाला पडेल. त्याचे उत्तर टंचाईत आहे. १९५१ च्या औद्योगिक कायद्यान्वये किती माल काढावयाचा यालाही सरकारी परवाना लागे. पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणाऱ्या बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे; आणि हातात तयार असलेली जुनी स्कूटर नवीच्या किमतीहून अधिक भावाने विकली जाई. अशा काळात वस्तूची किंमत तिच्या वयावर ठरत नव्हती, ती आज मिळते की नाही यावर ठरत होती. ज्या बापाला मुलाची नोकरी उद्यापासून दहा मैलांवर सुरू होत आहे एवढेच ठाऊक असे, त्याला रांगेतील क्रमांक काय उपयोगाचा?

गोव्याची गोष्ट थोडी निराळी. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तेथे पोर्तुगीज राज्य असल्याने भारतातील आयातबंदी तेथे लागू नव्हती. मुक्तीनंतर तोही प्रदेश याच बाजारपेठेत आला. परंतु फटफटीला गोव्याने जे स्थान दिले, ते इतरत्र क्वचितच आढळते. पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलवरून उतारूंची भाड्याने ने-आण करणारा 'पायलट' हा गोव्याच्या रस्त्यावरील ओळखीचा व्यावसायिक होय. तेथे मुलाला गाडी घेऊन देणे म्हणजे पुष्कळदा त्याला धंदा काढून देणे. अशा बापाने इंजिनाच्या आवाजात मुलाची रोजची मिळकत ऐकली, तर त्यात नवल नाही.

१९८० च्या दशकात हे चित्र पालटले. सरकारने जपानी कंपन्यांशी सहकार्याची वाट मोकळी केली. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी-१०० आणि यामाहाची आरएक्स-१००, पाठोपाठ कावासाकी-बजाज अशा १०० सी. सी. च्या हलक्या गाड्या रस्त्यावर आल्या. हीरो होंडा फोर-स्ट्रोक असल्याने पेट्रोल फार थोडे खाई. आरएक्स-१०० टू-स्ट्रोक असून तिचा उठाव विलक्षण होता. त्याआधी १९८३ मध्ये आलेली ३५० सी. सी. ची राजदूत-यामाहा तर इतकी वेगवान, की पुढच्या चाकाला डिस्कऐवजी ड्रम ब्रेक देणे ही तिच्या बाबतीतली चिंतेचीच गोष्ट होती. पेट्रोलच्या खर्चाने बाप बिचकला आणि वेगाने आई. ती त्या काळी थोडीच खपली. पुढे त्याच गाडीसाठी हौशी लोक मोठी रक्कम मोजू लागले. धुराविषयीचे नियम कडक होत गेले तसतशा टू-स्ट्रोक मोटारसायकली बंद पडल्या. १९९६ मध्ये आरएक्स-१०० थांबली आणि तिचीही जुन्या बाजारातील किंमत चढत गेली.

या बदलाबरोबर घरातही एक बदल झाला. बुलेट-जावाच्या काळात पारख बापाजवळ होती. मुलगा मागे उभा राहून ऐके. जपानी गाड्यांचे आणि पुढे सेल्फ-स्टार्ट व फ्युएल इंजेक्शनचे ज्ञान मुलाजवळ आधी पोहोचले. बापाची सुतळी आणि बोटावरची काजळी यांना पूर्वीचा मान उरला नाही. मग बापाकडे काय राहिले? राहिला तो कागदांचा भाग. आणि बारकाईने पाहता तोच सर्वांत वजनदार आहे.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यान्वये गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असली, तर तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि बारा महिन्यांहून अधिक काळ ती आपल्या राज्यात ठेवावयाची तर नवी नोंदणी करावी लागते. बेळगावात राहून कोल्हापूरची किंवा गोव्याची गाडी घेणाऱ्याला, इंदुरात राहून महाराष्ट्रातील नातलगाची गाडी आणणाऱ्याला हा नियम विसरून चालत नाही. गाडीवर बँकेचे कर्ज असल्यास त्याची नोंद आर. सी. बुकात असते, ती उतरविल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

या नोंदीचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील एका निकालात स्पष्ट केले. एक मोटार चार हातांतून गेली होती, परंतु दप्तरी नाव पहिल्याचेच राहिले होते. अपघात घडला तेव्हा भरपाईची जबाबदारी त्या दप्तरी मालकावरच येते, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे फटफटी कोणाच्या अंगणात उभी आहे, याला कायद्याच्या दृष्टीने फारसे मोल नाही. बुकात कोणाचे नाव आहे, याला आहे.

येथे बापाची खरी परीक्षा होते. कित्येक घरांत गाडी मुलासाठी घेतात आणि नाव बापाचे घालतात. कारण प्रेमाचे सांगितले जाते. मनात बहुधा धाक टिकविण्याची इच्छा असते. त्याचा परिणाम असा, की विम्याची मुदत टळली अथवा काही विपरीत घडले, तर भार बापावर येतो आणि चालविणाऱ्या मुलाला आपण मालक आहोत ही जाणीव कधी होतच नाही. ज्याच्या नावावर गाडी असते तो विम्याची तारीख लक्षात ठेवतो, साखळीला तेल घालतो, ब्रेक सैल झाला तर मित्रांना गाडी देत नाही. जबाबदारी उपदेशाने येत नाही. ती नावाबरोबर येते.

तेव्हा मुलासाठी जुनी फटफटी पाहण्यास निघालेल्या बापाने इंजिन मिस्त्रीकडून तपासून घ्यावे, चौकट स्वतः पाहावी, पसंती मुलाची असू द्यावी आणि शिरस्त्राणाचा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. आर. सी. बुकात नाव मात्र मुलाचे घालावे. डिस्पोजलच्या मालापासून आजपर्यंत गाड्या बदलल्या, कारखाने उघडले आणि बंद पडले. पण सज्ञान झालेल्या मुलाला सज्ञान मानणे हा या व्यवहारातील अवघड भाग अद्याप तसाच आहे. तो ज्याला जमला, त्याने गाडी चांगलीच निवडली असे समजावे.