एचआयव्हीचे नवे निदान, भारतातील
एखाद्या वर्षात प्रथमच एचआयव्हीबाधित आढळलेल्या व्यक्तींची नोंद. नवे निदान म्हणजे नवी लागण नव्हे. विषाणू शरीरात शिरल्यावर आठ-दहा वर्षे ठळक लक्षणांविना जाऊ शकतात. निदानाचे वर्ष ठरते ते चाचणी कधी झाली यावर. म्हणून चाचणी केंद्रे वाढली की निदानेही काही काळ वाढतात, साथ मात्र ओसरत असू शकते. नव्या लागणीचा आकडा मोजलेला नसतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) तो गणिती प्रतिमानाने काढते.

भारतातले पहिले निदान १९८६ मध्ये मद्रासला झाले. डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे, मद्रासमधल्या मराठी कुटुंबातल्या) आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने तपासून ते केले.

प्रादेशिक चित्र कोणता आकडा पाहावा यावर बदलते. नॅकोच्या २०२१ च्या अंदाजानुसार बाधितांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात होती : सुमारे ३.९४ लाख, म्हणजे देशातल्या २४ लाखांपैकी दर सहांत एक. प्रौढांमधील प्रमाण पाहिले तर मिझोरम (२.७० टक्के), नागालँड (१.३६) व मणिपूर (१.०५) पुढे येतात, देशाची सरासरी ०.२१ टक्के. दक्षिणेत व महाराष्ट्रात प्रसार मुख्यतः स्त्री-पुरुष संबंधांतून झाला. देहविक्रय, हमरस्त्यांवरची मालवाहतूक आणि कामासाठीचे स्थलांतर ही त्याची वाट. ईशान्येत म्यानमारमधून येणारे हेरॉइन आणि एकमेकांची वापरलेली सुई यांनी साथ सुरू केली, मग ती घरच्या स्त्रियांपर्यंत पोचली.

गटागटांतली तफावत राज्यांतल्या तफावतीहून तीव्र आहे. २०२१ च्या पाहणीत शिरेतून अमली पदार्थ घेणाऱ्यांत प्रमाण सुमारे ९ टक्के, तृतीयपंथीयांत ३.८, समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत ३.३ टक्के आढळले. या गटांतले अनेकजण चाचणीला येणेच टाळतात, म्हणून निदानांच्या नोंदीत ते असायला हवेत त्याहून कमी दिसतात. स्त्रियांचे उलट. एकूण बाधितांत त्या सुमारे ४५ टक्के. दवाखान्यात नाव घालायला गेलेल्या गरोदर बाईची चाचणी नेमाने होते, नवऱ्याची राहून जाते. मग घरात पहिला ‘पॉझिटिव्ह’ कागद तिचा येतो आणि रोग तिनेच आणला असे ठरते, लागण नवऱ्याकडून झालेली असली तरी. कागदावरच्या क्रमाने घडलेला हा अन्याय कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

२०१० ते २०२१ या काळात देशात वर्षाला होणारी नवी लागण सुमारे ४६ टक्क्यांनी घटून ६३ हजारांवर आली. २००४ पासून मोफत मिळू लागलेल्या, विषाणू दाबणाऱ्या एआरटी औषधांचा त्यात मोठा वाटा आहे, कारण औषध नेमाने घेऊन विषाणू दबला की संभोगातून लागण होत नाही. त्रिपुरा, मेघालय व अरुणाचल प्रदेशात मात्र याच काळात नवी लागण वाढली.