दोर थोपवायचा कोणी?

दोराने बांधून घेतले की पडण्याचे भय संपले, असे आपणांस वाटते. पण पडणाऱ्याचा दोर थोपवायचा कोणी आणि कशाने? १८६५ साली मॅटरहॉर्न उतरताना दोर तुटून चौघे गेले. पुढे नायलॉनचा बळकट दोर आला. थोपवणारा मात्र माणूसच राहिला. १० ऑगस्ट १९५३ रोजी के-टूवर आजारी गिल्कीला खाली आणताना पाच जण एकामागून एक घसरले. पीट शेनिंग या अमेरिकन गिर्यारोहकाने खडकामागे रोवलेल्या बर्फकुऱ्हाडीच्या आधाराने गिल्कीसह सहाही जण एकट्याने तोलून धरले! (गिल्की त्याच दिवशी उतारावरून नाहीसा झाला, ही गोष्ट निराळी.) परंतु दर मोहिमेस असा शेनिंग कोठून मिळावा?

१९७०च्या सुमारास जर्मनीत फ्रिट्झ स्टिख्टची चकती निघाली. दोर दुमडून खाचेतून कडीत अडकवायचा, की घर्षणाने झटका हाताला झेपतो. खांबाला वेढे देऊन नाव थोपवणारा नावाडी हेच करतो. टप्प्याटप्प्याने चढायच्या उंच कड्यासाठी आम्ही त्याच कुळातले, मागच्या गड्याला वर घेताना आपोआप जखडणारे साधन पसंत करू. भार पडल्यावर त्याला पुन्हा खाली सोडणे अवघड, ही त्याची खोड. ती सोडवण्याची रीत जमिनीवरच शिकलेली बरी.