कुळाची शुद्धता आणि कुळाचे आयुष्य

नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी ह्याने अठराव्या शतकाच्या आरंभी घातला, असे येथील परंपरा सांगते. बांधाभोवतीच्या रानातला कोळसून, म्हणजे रानकुत्रा, हा त्याहूनही जुना रहिवासी. १८३१ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या प्राण्यांची नोंद करताना त्याचे हेच मराठी नाव शास्त्राच्या दप्तरी घातले. कोळसून हा पाळीव कुत्र्याचा पूर्वज नव्हे. कुत्रा लांडग्याच्या वंशातला. तरी ह्या दोघा भाऊबंदांपुढे एक प्रश्न समान आहे, तो कुळाचा. आज आपण त्याचाच विचार करू.

लंडनचा केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला आणि कुत्र्यांच्या वंशावळीच्या वह्या छापल्या जाऊ लागल्या. वहीत नाव असलेल्या आईबापांचीच पिल्ले शुद्ध ठरली. मुधोळच्या घोरपडे राजांनी आश्रय दिलेल्या आपल्या कारवान कुत्र्याची वंशावळ मात्र बहुधा पाळणाऱ्यांच्या तोंडीच राहिली. दावा लेखी असो वा तोंडी, पिल्लू खरोखर त्याच नराचे आहे काय, ह्याची शहानिशा डीएनए चाचणी करते. हा तिचा पहिला उपयोग. दुसरा अधिक मोलाचा: वरून धडधाकट दिसणारे जनावर एखाद्या रोगाचे बीज बाळगून आहे काय, हे जोड लावण्यापूर्वीच कळते.

ठिपकेदार डाल्मेशियन कुत्र्याची कथा येथे बोधप्रद आहे. शुद्धता राखता राखता त्या जातीतून एक निर्दोष जनुकच नाहीसे झाले. लघवीत युरिक आम्ल वाढले, मुतखडे होऊ लागले. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शायबल ह्या जनुकशास्त्रज्ञाने पॉइंटर जातीशी एकदा संकर केला व पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडल्या. २००८ साली ते जनुक ओळखले गेले आणि चाचणीने निर्दोष पिल्ले निवडता येऊ लागली. तरी अमेरिकेच्या वंशवहीत त्यांना पक्की जागा मिळाली ती २०११ साली!

कोळसुनाला वही नाही. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी रानवाटांवरची विष्ठा गोळा करून त्यातील डीएनए वाचला. महाराष्ट्रातील व्याघ्र प्रकल्पांतील ३०५ कोळसुनांवरून २०२१ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की मुख्य गटांची संख्या ७७ ते ८५ टक्के घटली आहे, ही घट गेल्या सुमारे ३०० वर्षांतील उलथापालथीशी जुळते, आणि निरनिराळ्या रानांतले गट एकमेकांपासून तुटले आहेत. ३०० वर्षे म्हणजे जवळजवळ आपल्या बांधाचेच वय.

कुत्र्याच्या कुळाचे दार वहीने बंद केले, कोळसुनाचे जंगलतोडीने. म्हणून शुद्धतेचा दाखला देण्यापेक्षा, नवे रक्त कोठे हवे हे सांगणे, हेच ह्या परीक्षेचे थोर प्रयोजन होय, असे आम्हांस वाटते. कुत्र्यासाठी ते माणूस आणू शकतो. कोळसुनाला मात्र स्वतःच्या पायांनी चालत यावे लागते, आणि नवेगाव व नागझिरा ह्यांच्या मधून तर राष्ट्रीय महामार्ग धावतो. त्या दोन रानांमधली वाट मोकळी राहिली, तरच हे कूळ टिकेल.