जुन्या मोटारीतील शक्तिक्षय : निदानपद्धतीचा इतिहास

मोटारीच्या इंजिनाची शक्ती कमी झाली आहे हे कळण्यास तज्ज्ञ लागत नाही. ती का कमी झाली हे सांगण्यास मात्र लागतो. ‘गाडी ओढत नाही’, ‘पिकअप गेला’, ‘चढावर दम सोडते’ या चालकांच्या तक्रारी एकाच लक्षणाकडे बोट दाखवितात; त्यामागील कारणे मात्र अनेक असतात. लक्षणापासून कारणापर्यंत पोचण्याची रीत कोणती होती व ती कशी पालटत गेली, हा प्रश्न यंत्रविद्येच्या इतिहासाचा आहे, तसाच ज्ञानव्यवहाराच्या इतिहासाचाही आहे. मुंबईच्या रस्त्यांवर सहा दशकांहून अधिक काळ वावरलेली फियाट ११०० व तिची वंशज प्रीमियर पद्मिनी यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने या गाड्या तयार होत. १९६४ पासून येथे ‘११०० डी’ हा नमुना बनू लागला आणि १९७४ पासून तो ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखला गेला. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे व चार सिलिंडरांचे होते. हवा व पेट्रोल यांचे मिश्रण कार्बोरेटर करी. ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट ठरवीत. अमेरिकेत १९१० च्या सुमारास चार्ल्स केटरिंग यांनी रूढ केलेल्या बॅटरी-प्रज्वलनाची ही पद्धत होय. या यंत्रात स्वतःची प्रकृती स्वतः कळविणारा एकही भाग नव्हता. जे कळावयाचे ते पाहून, ऐकून, हुंगून व स्पर्शानेच कळे.

चरकसंहितेच्या निदानस्थानात रोग जाणण्याची पाच साधने सांगितली आहेत : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, लिंग म्हणजे लक्षण, उपशय आणि संप्राप्ती. यांपैकी उपशय म्हणजे औषध, आहार वा विहार योजून रोगाला उतार पडतो की नाही हे पाहणे. लक्षणे गूढ असतील तेव्हा उपशय-अनुपशयाने व्याधीची परीक्षा करावी, असे चरकाचे मत आहे. मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्यांनी आपली रीत वैद्यकातून घेतली असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु तिची घडण हीच होती, हे तिच्या प्रत्येक परीक्षेवरून दिसून येते.

प्रथम, दोष इंजिनाचाच आहे की नाही हे ठरविणे आवश्यक असे. क्लच प्लेट घसरत असल्यास इंजिनाचा वेग वाढतो, पण गाडीचा वाढत नाही; ब्रेक धरून राहिल्यास चाकाचा ड्रम हाताला गरम लागतो. ही दोन्ही कारणे दूर झाली, की चार गोष्टी पाहावयाच्या : मिश्रण, सिलिंडरातील दाब, ठिणगीची वेळ आणि जळालेल्या वायूंची वाट. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची तार क्रमाने काढली असता ज्या सिलिंडरच्या वेळी इंजिनाचा आवाज पडत नाही, तोच सिलिंडर काम करीत नाही असे सिद्ध होई. चोक किंचित ओढल्यावर गाडी सुधारली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे, म्हणजे जेटमध्ये कचरा आहे, पंप दुबळा आहे किंवा कोठून तरी जादा हवा शिरत आहे. दाब कमी भरला, तर सिलिंडरात थोडे तेल सोडून तो पुन्हा मोजीत. दाब वाढला तर रिंगा झिजल्या; न वाढला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. बोरघाटासारख्या चढावर तापून बंद पडलेल्या गाडीच्या पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवण्याची रूढी हादेखील उपशयच होय. फडक्याने गाडी सुरू झाली, तर नळीत पेट्रोलची वाफ झाली होती हे उघड होई.

सर्वांत फसवा दोष पॉइंटांचा. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असलेले त्यांचे अंतर टाच झिजल्याने हळूहळू घटते, ठिणगी उशिरा पडू लागते, इंजिन तापते व शक्ती उतरते. हा ऱ्हास इतका संथ असतो की रोज गाडी चालविणाऱ्याला तो जाणवत नाही.

पुढे इंधन बदलले आणि लक्षणांचा अर्थही बदलला. १९२१ मध्ये थॉमस मिजली यांनी शोधलेल्या शिसेयुक्त द्रव्यामुळे इंजिनातील ठोका थांबे, आणि त्याचा थर व्हॉल्व्हच्या बैठकींचेही रक्षण करी. फेब्रुवारी २००० पासून भारतभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले. लोकांच्या आरोग्यासाठी ते इष्टच होते. पण शिशाविना जुन्या इंजिनातील मऊ बैठकी झिजल्यास व्हॉल्व्ह आत रुततो, टॅपेटमधील फट नाहीशी होते आणि दाब गळू लागतो. टॅपेटचा आवाज हे एरवी दोषाचे चिन्ह; येथे त्याचे शांत होणे हेच दोषाचे चिन्ह ठरले.

याच सुमारास मुंबईच्या जुन्या टॅक्सी मोठ्या प्रमाणावर सीएनजीवर आल्या. वायुरूप इंधन हवेची जागा व्यापते, म्हणून पेट्रोलसाठी घडविलेल्या इंजिनाची शक्ती त्यावर सुमारे एक दशांश घटते. हा दोष नव्हे, इंधनाचा स्वभाव होय. प्रकृती कोणती व विकृती कोणती हा विवेक मिस्त्र्याला नव्याने करावा लागला. तो न झाला तर निरोगी इंजिन उगाच खोलले जाई आणि टॅक्सीचालकाची दिवसाची कमाई बुडे.

अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना दोषसंकेत देणारी प्रमाणित संगणकव्यवस्था सक्तीची झाली. भारतात ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. आता यंत्र स्वतः बोलू लागले. तथापि ते काय बोलते याचा विचार अगत्याचा आहे. ‘पी ०३०१’ हा संकेत पहिला सिलिंडर नीट जळत नाही एवढेच सांगतो. दोष प्लगचा, कॉइलचा, इंजेक्टरचा की व्हॉल्व्हचा, याविषयी तो मूक असतो. अर्थात तो लिंग सांगतो, संप्राप्ती सांगत नाही. संकेतालाच निदान मानून सुटे भाग बदलीत जाणे हा खर्चाचा मार्ग आहे, ज्ञानाचा नव्हे. जाणता मिस्त्री पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर बसवितो आणि संकेत ‘पी ०३०२’ होतो की नाही ते पाहतो. तारा काढून आवाज ऐकण्याची जुनी परीक्षाच येथे नव्या वेषात अवतरली आहे.

ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली मुंबईची अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. तिच्याबरोबर फिलर गेज, चोक व पॉइंट यांचे कौशल्य रस्त्यावरून बव्हंशी ओसरले. ते हळहळ वाटावी असे असले, तरी अपरिहार्य होते. एक गोष्ट हेतुतः बदलावी, परिणाम पाहावा आणि मगच कारण ठरवावे, ही त्या कौशल्यामागील विचाराची शिस्त मात्र कोणत्याही एका गाडीची नव्हती. यंत्र बोलके झाल्याने तिची गरज संपली असे मानणे, हाच निदानातील पहिला दोष ठरेल.